संधिसाधू जीवाणूंच्या जीनोमची तुलना

निरोगी माणसाच्या त्वचेवर, नाकात, तोंडात, आतड्यात किंवा योनिमार्गात काही जीवाणू एरवी उपद्रव न देता राहतात. प्रतिकारशक्ती खालावली, जखम झाली किंवा सलाइनची सुई, लघवीची नळी, कृत्रिम सांधा अशी आत शिरायची वाट मिळाली, की तेच रोग निर्माण करतात. त्यांना संधिसाधू जीवाणू म्हणतात. अशा जीवाणूंच्या अनेक वाणांचा संपूर्ण डीएनए-क्रम वाचून कोणती जनुके सर्वांत आहेत, कोणती काहींतच आहेत आणि कोणती मोडून निकामी झाली आहेत, याचा शोध घेणे हा या अभ्यासाचा विषय आहे. घटसर्प किंवा पटकी यांच्या जीवाणूंत विष तयार करणारे जनुक आहे की नाही, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होतो. संधिसाधू जीवाणूंत अशी सरळ रेघ सहसा सापडत नाही. किंबहुना तिचा शोध घेता घेताच ‘रोगकारक’ आणि ‘निरुपद्रवी’ हे शब्द किती सैल आहेत, ते लक्षात आले.

मुक्तपणे जगणाऱ्या सजीवाचा पहिला संपूर्ण जीनोम १९९५ साली प्रसिद्ध झाला. तो नाकाघशात राहणाऱ्या हिमोफिलस इन्फ्लुएंझी या जीवाणूचा होता आणि त्यात सुमारे १८.३ लाख बेस-जोड्या होत्या. १९९७ मध्ये ई. कोलायच्या के-१२ या प्रयोगशाळेत रुळलेल्या वाणाचा (सुमारे ४६ लाख) आणि २००० मध्ये स्यूडोमोनस एरुजिनोसाच्या पीएओ१ वाणाचा (सुमारे ६३ लाख) क्रम वाचून झाला. एका जातीचा एक जीनोम हाती आला की ती जात समजली, अशी तोवर बहुतेकांची धारणा होती. २००२ मध्ये ई. कोलायचे तीन वाण एकत्र तपासले गेले : के-१२, रक्ताचे जुलाब घडवणारा ओ१५७ आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाने आजारी असलेल्या स्त्रीच्या रक्तातून मिळालेला सीएफटी०७३. तिघांच्या मिळून जेवढ्या प्रथिनांची नोंद झाली, त्यांपैकी अवघी ३९.२ टक्के तिघांतही समाईक निघाली. एकाच जातीच्या तीन वाणांत एवढी तफावत असेल, असे कोणाला वाटले नव्हते.

नवजात बालकांत जंतुदोष घडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए या जीवाणूचे आठ वाण २००५ मध्ये तपासताना हर्व्हे टेटेलिन आणि सहकाऱ्यांनी ‘पॅन-जीनोम’ ही संकल्पना मांडली. सर्व वाणांत असतात ती गाभ्याची जनुके. काहींतच असतात ती पूरक. आणि दोन्ही मिळून त्या जातीचा पॅन-जीनोम. या जीवाणूच्या कोणत्याही एका वाणात गाभ्याचा वाटा सुमारे ८० टक्के होता, आणि दर नव्या वाणामागे सरासरी ३३ नवी जनुके हाती लागतील असे गणित निघाले. ई. कोलायचा पसारा त्याहून कितीतरी मोठा आहे. २००९ मधील वीस वाणांच्या तुलनेत एका वाणात सरासरी ४,७००च्या आसपास जनुके होती. विसांतही असणारी सुमारे २,००० भरली, आणि सगळ्यांची मिळून संख्या १८,०००च्या जवळ गेली.

पूरक जनुके बहुतेक बाहेरून येतात. प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्रापासून सुटी असलेली डीएनएची कडी), जीवाणूंना ग्रासणारे फाज विषाणू आणि जागा बदलणारे डीएनएचे तुकडे ही त्यांची वाहने आहेत. आतड्यातील एन्टेरोकॉकस फीकॅलिस हे याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या व्ही५८३ या रुग्णालयीन वाणाचा क्रम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या जीनोमचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग अशा उपऱ्या डीएनएचा असल्याचे दिसले. ओजी१आरएफ या वाणाचा जीनोम त्याच्या तुलनेत आटोपशीर आहे. २०१० मधील एका अभ्यासाने यामागचे एक संभाव्य कारण पुढे आणले. परका डीएनए ओळखून तोडणारी क्रिस्पर-कॅस यंत्रणा अनेक औषधांना न जुमानणाऱ्या वाणांत बहुधा नसते. पहारा नसला की फाजपासून संरक्षण जाते, पण प्रतिजैविकांनी भरलेल्या रुग्णालयात उपयोगी जनुके घ्यायला दार उघडे राहते.

दोन वाण शेजारी ठेवून पाहण्याजोगी सर्वांत उद्बोधक जोडी मात्र ई. कोलायचीच आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली आल्फ्रेड निस्ले या जर्मन वैद्याने एका सैनिकाच्या विष्ठेतून एक वाण वेगळा केला. बरोबरचे सैनिक जुलाबांनी आजारी पडत असताना हा सैनिक ठणठणीत राहिला होता. ‘निस्ले १९१७’ या नावाने तो वाण आजही पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून दिला जातो. वर उल्लेखिलेला सीएफटी०७३ याच्याशी त्याचा जीनोम ताडून पाहिला, तेव्हा जवळचा भाऊबंद निघाला. दोघांचा पृष्ठीय प्रतिजन ओ६. रक्तातून आणि ऊतींतून लोह खेचणाऱ्या रेणूंची जनुके दोघांकडे आहेत, आणि यजमानाच्या डीएनएला इजा करणारे कोलिबॅक्टिन बनवणारा जनुकसमूहही दोघांकडे आहे. निस्लेकडे नाहीत त्या मोजक्या गोष्टी : तांबड्या पेशी फोडणारे हिमोलायसिन आणि मूत्रपिंडाच्या पेशींना चिकटवणारे पी-तंतू. शिवाय पृष्ठभागावरच्या शर्करासाखळीची जोडणी करणाऱ्या एका जनुकात एकाच बेसच्या बदलाने अकाली पूर्णविराम पडला आहे. त्यामुळे त्याची साखळी तोकडी राहते आणि रक्तद्रवातील संरक्षक प्रथिने त्याला सहज मारतात. लोह खेचणाऱ्या जनुकांची नोंद अनेक ग्रंथांत ‘रोगकारकतेची जनुके’ अशीच होते. आतड्याच्या गर्दीत लोहासाठी चढाओढ असते, तिथे टिकायलाही तीच लागतात, हे या जोडीवरून स्पष्ट होते. त्यांना ‘तग धरण्याची जनुके’ म्हणणे अधिक रास्त ठरेल.

याची दुसरी बाजू ई. कोलायच्याच ८३९७२ या वाणात दिसते. स्वीडनमधील एका मुलीच्या मूत्राशयात तो तीन वर्षे राहिला. तिला ना ताप आला, ना जळजळ झाली. जीनोम वाचल्यावर त्याचे पूर्वज रोगकारकच होते असे दिसले, पण पेशींना चिकटणाऱ्या तंतूंची जनुके कुठे तुटलेली, कुठे बदललेली होती. पुढे असा वाण मूत्राशयात मुद्दाम वसवून वारंवार होणारा संसर्ग रोखता येतो का, याचे प्रयोगही झाले.

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुप्फुसांत स्यूडोमोनस एरुजिनोसाही अशीच रोगाची अवजारे गमावतो. मुळात तो पाण्याचा आणि ओलसर जागांचा रहिवासी. त्याच्या सुमारे ५,५७० जनुकांपैकी जवळजवळ दहावा हिस्सा इतर जनुकांवर नियंत्रण ठेवणारा आहे, म्हणून परिस्थितीप्रमाणे वागणे त्याला चांगले जमते. एका मुलाच्या वयाच्या सहाव्या महिन्यात आणि ९६व्या महिन्यात घेतलेल्या वाणांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ वंश तोच होता, पण मधल्या काळात ६८ उत्परिवर्तने साचली होती. तीव्र संसर्गाला लागणारी अवजारे, म्हणजे पेशीत प्रथिने टोचणारी यंत्रणा, पृष्ठीय शर्करा, परस्पर-संदेशाचा नियंत्रक, त्याने एकेक करून टाकून दिली होती. जुना आजार चालू ठेवायला झुंजारपणा लागत नाही.

त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसने डॉक्टरांना सर्वांत जास्त गोंधळात टाकले आहे. रक्ताच्या कल्चरमध्ये तो उगवला, की सुई टोचताना कातडीवरून आला की खरोखरच रक्तात आहे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचा चुलतभाऊ स्टॅफिलोकॉकस ऑरियस याच्याकडची बहुतेक विषे आणि रक्त गोठवणारे कोअ‍ॅग्युलेज त्याच्याकडे नाहीत. प्लास्टिकवर चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, धरता येणे हीच त्याची खरी ताकद. कॅथेटरच्या संसर्गातून आलेल्या आरपी६२ए या वाणात त्या थराचा गोंद बनवणारी ‘इका’ जनुके आहेत, तर थर न धरणाऱ्या एटीसीसी १२२२८ मध्ये ती नाहीत. पण ही जोडी वाटते तेवढी निर्णायक नाही : रोग्यांतील अनेक वाणांत ‘इका’ नसते आणि निरोगी त्वचेवरही ती आढळते. २०१२ मधील तुलनेत तर निरोगी त्वचेवरच्या वाणांची खूण म्हणून एक साधे चयापचयाचे जनुक, फॉर्मेट डिहायड्रोजनेज, पुढे आले. शिवाय हा जीवाणू भावाला माल पुरवतो. यूएसए३०० या अमेरिकेत पसरलेल्या ऑरियस वाणातील, त्वचेवर टिकायला मदत करणारा एक डीएनएचा तुकडा एपिडर्मिडिसकडून आला असावा असे मानले जाते.

जनुकांची अशी देवाणघेवाण एकाच रुग्णाच्या शरीरातही घडत असावी. २००८ साली नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला न्यूमोनिए सापडला आणि विष्ठेत ई. कोलाय. दोघांकडे कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक होते, पण वेगवेगळ्या आकाराच्या प्लाझ्मिडांवर. २०१० मध्ये मुंबईतील एका रुग्णालयाने कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ वाणांपैकी २२ मध्ये तेच जनुक असल्याचे प्रसिद्ध केले. ती तपासणी एकट्या जनुकाची होती. जनुक कोणत्या प्लाझ्मिडवर बसून कोणत्या वाणात गेले, हे कळायला संपूर्ण जीनोमच वाचावा लागतो.

तेही सोपे नाही. शे-दीडशे बेसचे छोटे तुकडे वाचणाऱ्या यंत्रांनी प्लाझ्मिडवरचे पुनरावृत्त भाग नीट जुळत नाहीत. तिथे नॅनोपोअरसारखी लांब तुकडे वाचणारी पद्धत लागते. दोन प्रयोगशाळांनी जनुकांच्या नोंदी वेगळ्या संगणक-आज्ञावलींनी केल्या, तर नसलेला फरकही दिसू लागतो. त्याहून मोठा दोष नमुन्यांत आहे. आजारी माणसाचे रक्त आणि लघवी प्रयोगशाळेत आपसूक पोहोचतात. निरोगी माणसाच्या कातडीवरचा किंवा आतड्यातला जीवाणू मुद्दाम शोधावा लागतो. त्यामुळे संग्रहांत रुग्णालयीन वाणांचीच गर्दी असते, आणि एखादे जनुक ‘रोग्यांतच आढळते’ असे म्हणताना ते निरोगी लोकांत किती जणांकडे पाहिले गेले, हे आधी विचारावे लागते.