‘हरकत नाही’ म्हणजे नक्की काय? महाडचा ठराव वाचताना

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासावर काम करायचं ठरलं की बहुतेक जण आधी कायदे वाचायला घेतात. जरूर वाचा. पण रहिवाशांचं गाऱ्हाणं नगरपालिकेच्या दारात आलं की त्याचं पुढे काय होतं, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी ठराव, परिपत्रकं आणि निकालपत्रं एकाशेजारी एक ठेवून वाचावी लागतात. मी इथे महाडचं उदाहरण घेतेय. चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्हांला शाळेपासून माहीत आहे, तो पुन्हा सांगत बसत नाही. त्याच्या मागेपुढे जो कागद फिरला, तो बघू.

आधी गाऱ्हाणं. महाड हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या रायगडमधलं, बाजारपेठेचं आणि तालुक्याचं ठिकाण. आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य लोक इथे खरेदीला यायचे, सारा भरायला यायचे, गावकामगार म्हणून सरकारी कागद पोचवायला यायचे. तहान लागली तर त्यांना पाणी मिळायचं ते त्यांच्या वस्तीतल्या विहिरीवर, आणि ती वस्ती बाजारापासून लांब. तळं मात्र गावातच, चार-पाच एकरांचं, चारी बाजूंना नगरपालिकेचे रस्ते. म्हणजे हे गाऱ्हाणं कचेरीच्या कामाला आलेल्या माणसाच्या रोजच्या तहानेचंही होतं. ‘सामाजिक प्रश्न’ असा मोठा शब्द वापरला की हे तपशील निसटतात, म्हणून आधी सांगितलं.

आता कागद. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये सरकारने अंमलबजावणीचा आदेश काढला. आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो आणि ‘सरकारने पाणवठे खुले केले’ असं एक वाक्य लिहून मोकळे होतो.

थांबू नका. आदेशाचे दोन भाग आहेत. स्वतःच्या मालकीच्या ठिकाणांबाबत सरकारने खातेप्रमुखांना थेट आज्ञा दिली. स्थानिक संस्थांच्या ताब्यातल्या ठिकाणांबाबत मात्र कलेक्टरांना सांगितलं, की शिफारस मान्य करणं इष्ट आहे का याचा विचार करण्याचा सल्ला या संस्थांना द्यावा. एकाच आदेशात एकीकडे हुकूम, दुसरीकडे सल्ला. आणि पाणवठे, जिथे खरी अडचण होती, ते तर बहुतेक नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्याच हातात! माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. सरकारने भूमिका घेतली, पण गावातला रोष मात्र नगरपालिकेकडे सरकवला.

महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये ठराव केला: अस्पृश्यांनी तळं वापरण्याला नगरपालिकेची हरकत नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक नगरपालिकेत होते, हे विसरू नका. हा ठराव निव्वळ देखावा होता असं मला वाटत नाही. पण शब्द बघा. ‘हरकत नाही’ म्हणणारी संस्था स्वतः काहीच करायला बांधील होत नाही. कुणी अडवलं तर कोण आडवं येणार? ते ठरावात नाही. तीन वर्षं तळ्यावर कुणी आलं नाही, ही काही अनास्था नव्हती. बोले यांना 1926 मध्ये पुन्हा ठराव आणावा लागला, शिफारस न मानणाऱ्या संस्थांचं अनुदान रोखा म्हणून. सल्ल्याने काम भागलं असतं तर ही वेळ आली नसती.

20 मार्च 1927 रोजी परिषदेला जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत तळ्यावर गेले आणि कागदावरचा हक्क पहिल्यांदा वापरला गेला. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला, नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख बोल्यांच्या ठरावाचीच, हा योगायोग. त्याला अर्थ चिकटवायच्या मोहात पडू नका. अर्थ आहे तो क्रमात. ठराव कुणी वापरत नव्हतं तोवर टिकला, वापरल्यावर साडेचार महिन्यांत गेला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा काही सवर्ण रहिवासी न्यायालयात गेले. 12 डिसेंबरला दावा, 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम. तेही नगरपालिकेचे रहिवासीच, त्यांचंही गाऱ्हाणंच. त्याची दखल दोन दिवसांत घेतली गेली. दोन्ही बाजूंना लागलेला वेळ तुमच्या टिपणवहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

निकाल मुंबई उच्च न्यायालयातून मार्च 1937 मध्ये लागला, आंबेडकरांच्या बाजूने. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, 1922 मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. निकालपत्रात समतेच्या तत्त्वावर फारसं काही शोधायला जाल तर निराश व्हाल. मुद्दे दोन: तळं नगरपालिकेच्या मालकीचं आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. आता उलट बाजूने विचार करून बघा. वादींना तेवढा पुरावा मिळाला असता, तर? नगरपालिकेच्या मालकीच्या तळ्यावरही रूढीने मात केली असती का? संशोधनाचा प्रश्न मला तरी इथून सुरू झालेला दिसतो, आणि त्यासाठी 1924 च्या ठरावापेक्षा साक्षीपुराव्याची पानं जास्त उपयोगी पडतील.