डेटाबेस-स्थलांतर (मुदतपूर्व)

निर्मात्याकडून सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबण्याआधी डेटाबेसमधील नोंदी नव्या आवृत्तीत किंवा दुसऱ्या प्रणालीत नेण्याचे नियोजन. मुदतीची तारीख आधीच ठाऊक असते. पोस्टग्रेएसक्यूएलची प्रत्येक मुख्य आवृत्ती सुमारे ५ वर्षे सांभाळली जाते; एसक्यूएल सर्व्हर २०१४चे विस्तारित पाठबळ ९ जुलै २०२४ रोजी संपले. मुदत उलटली तरी सॉफ्टवेअर चालतच राहते, म्हणून दिरंगाई होते.

मराठी नोंदींत सर्वांत जास्त वेळ लिपी खाते. युनिकोडपूर्वीचा बराच मजकूर विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत साठवलेला आहे. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरे दिसतात. रूपांतरानंतर जागाही वाढते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मंगळवेढा’ या नावात ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. २० बाइटच्या रकान्यात तालुक्याचे नावच मावत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखीच, पण शोधताना एक सापडते, दुसरे हरवते. क्रमवारीचाही असाच घोळ होतो. लिनक्सच्या ग्लिबसी २.२८ (२०१८) या आवृत्तीत अक्षरक्रमाचे नियम बदलले आणि पोस्टग्रेएसक्यूएलच्या जुन्या अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागल्या.

खरी कसोटी पडताळणीची. ओळींची संख्या जुळली म्हणून नोंद बरोबर ठरत नाही. याचे जवळचे उदाहरण सातबाऱ्याचे. तिथे स्थलांतर मुख्यतः कागदावरून संगणकात होते. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले. ज्याची जमीन, त्यानेच नाव आणि क्षेत्र ऐकून चूक सांगायची. कोणत्याही आज्ञावलीला न जमणारी ही तपासणी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला.

बदलाचा दिवसही जपून निवडावा लागतो. मंगळवेढ्यासारख्या तालुक्यात मार्चअखेर आणि खरिपाच्या पीककर्जाचे दिवस टाळलेलेच बरे. त्याआधी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून एक पूर्ण रंगीत तालीम करतात. जुना सर्व्हर काही काळ फक्त वाचनापुरता ठेवतात, म्हणजे तक्रार आल्यास मूळ नोंद काढून दाखवता येते. सातबाऱ्यातील लेखनप्रमाद असा उशिरा उघड झाला, तर जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५खाली दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करतात.