फुटपाथवर राहिलेल्या माणसाची किंमत

गेले दोन-तीन शनिवार-रविवार अमेरिकन कोर्टांची निकालपत्रं वाचण्यात गेले. सॉफ्टवेअरवाल्याला ही नसती उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. पण कायदा वाचणं आणि दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड वाचणं, यात मला तरी फारसा फरक वाटत नाही. प्रत्येक कलम कुणाला तरी, कधीतरी, कुठला तरी बग चावला म्हणून आलेलं असतं. :)

प्रश्न साधा आहे. वाटाड्या कुत्रा सोबत आहे म्हणून एखाद्या अंध माणसाला हॉटेलवाल्याने किंवा टॅक्सीवाल्याने नाकारलं, तर त्याला भरपाई म्हणून काय मिळतं?

सुरुवात १९२७ पासून करू. त्या वर्षी नोव्हेंबरात 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये डोरोथी हॅरिसन यूस्टिस या बाईंचा लेख आला. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी कुत्री कशी तयार करतात, हे त्यांनी पाहून लिहिलं होतं. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वडिलांनी तो लेख वाचून दाखवला. पठ्ठ्याने सरळ यूस्टिसबाईंना पत्र टाकलं, त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला गेला आणि १९२८ मध्ये 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. जानेवारी १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली.

बडी न्यूयॉर्कचा रस्ता बिनचूक पार करून द्यायची. पण दारात हात आडवा घालणाऱ्या मॅनेजरवर तिच्याकडे इलाज नव्हता. तो इलाज कायद्यानेच करायचा होता. १९५६ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी वाटाड्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी प्रवेश देणारे कायदे केले. यातल्या बऱ्याच कायद्यांत शिक्षा होती ती किरकोळ गुन्ह्याची, म्हणजे दंड. आणि दंड जातो सरकारी तिजोरीत! ज्याला बाहेर काढलं, त्याच्या हाती काय? काही नाही.

१९६६ मध्ये बर्कलीचे प्राध्यापक जेकोबस टेनब्रुक यांनी यावर एक मोठा लेख लिहिला. ते स्वतः अंध होते, अंधांच्या राष्ट्रीय महासंघाचे संस्थापक होते. मुद्दा असा की घराबाहेर पडून चारचौघांत वावरता येत नसेल, तर बाकीचे हक्क कागदावरच राहतात. त्यांनी हा विषय नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अंगाने मांडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग २६ जुलै १९९० ला अपंगांच्या हक्कांचा मोठा केंद्रीय कायदा आला, एडीए. यात हॉटेलं, दुकानं, टॅक्सी कंपन्या सगळं आलं. पण बग तसाच राहिला. खाजगी धंद्याविरुद्ध तुम्ही स्वतः या कायद्याखाली दावा लावला, तर कोर्ट 'पुढे असं करू नका' असा आदेश देईल आणि वकिलाची फी मिळू शकेल. तुमच्यासाठी पैसे? शून्य. पैसे मागायचे तर सरकारच्या ॲटर्नी जनरलने खटला भरायला हवा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या तरतुदीचं हे सरळ कॉपी-पेस्ट आहे.

यावर पॅच आहे तो राज्यांच्या कायद्यांत. कॅलिफोर्नियाच्या 'अनरू' कायद्यात प्रत्येक वेळच्या भेदभावाला किमान ४,००० डॉलर भरपाई ठरलेली आहे. त्यामुळे मोठे दावे तिथे लढले गेले, हा काही योगायोग नव्हे. २०१४ मध्ये अंधांच्या महासंघाने तिथे उबरवर दावा लावला, २०१६ मध्ये तडजोड झाली. पण नकार थांबले नाहीत. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या एका अंध महिलेच्या दाव्यात लवादाने उबरला ११ लाख डॉलर द्यायला लावले. तिला कुत्र्यामुळे १४ वेळा गाडी नाकारली होती किंवा त्रास दिला होता. 'चालक आमचे नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत' हा कंपनीचा बचाव लवादाने मानला नाही. आकडा नीट बघा मात्र: त्यातले सुमारे ३ लाख २४ हजार तिचे, उरलेले वकिलांची फी आणि खर्च! सप्टेंबर २०२५ मध्ये तर केंद्रीय न्याय खात्यानेच उबरवर खटला भरला.

शाळेची गोष्ट वेगळी. मिशिगनमधल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलीला 'वंडर' हा तिचा कुत्रा शाळेत आणू देईनात. कारण? मदतनीस बाई आहेत ना! आईवडिलांनी २०१२ मध्ये भरपाईचा दावा लावला. खालची कोर्टं म्हणाली, आधी विशेष शिक्षणाच्या कायद्याची सगळी पायरी-पायरी चढून या. २०१७ मध्ये 'फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स' या निकालात न्या. केगन यांनी झकास कसोटी दिली. हीच तक्रार सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध करता आली असती का? शाळेत आलेल्या मोठ्या माणसाला करता आली असती का? दोन्हीची उत्तरं 'हो' असतील, तर तक्रार बहुधा शिक्षणाची नाही, भेदभावाची आहे. मग त्या पायऱ्या चढायचं कारण नाही. जो कायदा पैसे देऊच शकत नाही, त्याच्या पायऱ्या पैशांसाठी चढाव्या लागतात का, हा प्रश्न तेव्हा बाकी ठेवला होता. २०२३ मध्ये एका कर्णबधिर विद्यार्थ्याच्या खटल्यात त्याचं उत्तर 'नाही' असं आलं.

पण मधेच, २०२२ मध्ये, 'कमिंग्स' खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की केंद्रीय निधीला जोडलेल्या भेदभावविरोधी कायद्यांखाली मानसिक त्रासाची भरपाई मिळणार नाही. आता सांगा, दारातून परत पाठवलेल्या माणसाचं नुकसान दुसरं असतं काय? जेवणाचं बिल तर त्याने भरलेलंच नसतं!

आपल्याकडे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा भंग केला तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा दंडच! पण त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या, त्यांना विमानातून उतरवलं होतं. कुत्र्याचा संबंध नव्हता, पण प्रश्न तोच. मुंबईची 'अडॅप्ट' ही संस्था त्यांच्यासोबत याचिकेत होती. कोर्टाने स्पाइसजेटला १० लाख रुपये द्यायला लावले, आणि ते घोष यांनाच.

भरपाई मागणारा माणूस पैशांच्या मागे लागलाय, असं आपण पटकन म्हणतो. पण 'सॉरी' म्हणायला खर्च येत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा म्हणता येतं. ज्या चुकीची किंमत शून्य, तो बग कुठल्याही कंपनीच्या यादीत कधीच वर येत नाही. हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.