हेलियमचा सांठा

विजयदुर्ग किल्ल्यांतील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितांना हेलियम वायूचा शोध येथेंच लागला असें मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें. इतिहास मात्र निराळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं फ्रेंच ज्योतिषी जान्सेन हा गुंटूर येथें होता. नॉर्मन लॉक्यर तर त्या सालीं इंग्लंडांतच राहून ग्रहणाविना सूर्याचा वर्णपट तपाशीत होता. त्यांतील एका पिवळ्या रेषेचा मेळ कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशीं बसेना, म्हणून त्या अज्ञात द्रव्यास सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम हें नांव पडलें. लॉक्यर विजयदुर्गास आला तो १८९८ च्या ग्रहणासाठीं. त्यापूर्वीं तीन वर्षें रॅम्से यानें हा वायू एका युरेनियमयुक्त खनिजांतून काढूनही दाखविला होता.

खडकांतील युरेनियम व थोरियम यांचा अतिमंद क्षय होत असतां हेलियम निर्माण होतो. त्यांतला पुष्कळसा झिरपून जातो. वर अभेद्य खडकाचें झांकण असेल तेथेंच तो इतर वायूंच्या सोबतीनें कोंडून राहतो. अमेरिकेंत कॅन्सस प्रांतांतील डेक्स्टर गांवीं १९०३ सालीं अशीच एक वायूची विहीर लागली. गांवकऱ्यांनीं उत्सव मांडला. पण पेटतें गवत जवळ नेलें तों तें विझूनच गेलें! दोन वर्षांनीं पृथक्करण झालें, तेव्हां त्या वायूंत शेंकडा दोनांहून किंचित् कमी हेलियम निघाला.

हा वायू हलका असून जळत नाहीं, हें वायुनौकांच्या दृष्टीनें फार मोलाचें होतें. १९२५ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून त्याचा सांठा आपल्या हातीं ठेविला व पुढें निर्यातीसही आळा घातला. जर्मनांची हिंडेनबर्ग नौका हेलियमच्या अपेक्षेनें आंखलेली; तो न मिळाल्यानें तींत हायड्रोजन भरला गेला, आणि ६ मे १९३७ रोजीं ती पेटून ३६ माणसें प्राणांस मुकलीं.

पुढें १९६० च्या कायद्यान्वयें टेक्सासमधील अमॅरिलोजवळ भूगर्भांत हेलियमची मोठी सांठवण झाली. खरेदीसाठीं काढलेलें कर्ज व्याजानें फुगत गेलें. तेव्हां १९९६ सालीं उलट कायदा झाला: सांठा विकून कर्ज फेडावें! भाव ठरला तो कर्जाच्या हिशेबानें, वस्तूच्या दुर्मिळपणाच्या नव्हे. पिढ्यांसाठीं राखलेलें धान्य सावकाराच्या तगाद्यापायीं बियाण्यासकट विकावें, तशांतलाच हा प्रकार. स्वस्ताईमुळें वायू पुन्हां धरून वापरण्याची निकड कोणास भासली नाहीं, आणि तो खेळण्याच्या फुग्यांतूनही उडाला. उरलेला सांठा २०२४ सालीं खासगी कंपनीकडे गेला.

उणे २६९ अंशांवर उकळणारा द्रव हेलियम १९०८ सालीं लायडेन येथें कामरलिंग ओनस यानें प्रथम तयार केला. आज रुग्णालयांतील एम. आर. आय. यंत्रांचे बहुतेक लोहचुंबक त्याच द्रवानें थंड ठेवलेले असतात. हवेंत सुटलेला हेलियम मात्र परत मिळविणें फार खर्चाचें, कारण दहा लक्ष भाग हवेंत तो अवघा पांच भाग; शिवाय तो हळूहळू अवकाशांत निसटतो. अमेरिकेखालोखाल मोठा पुरवठा कतारचा. २०१७ च्या जूनमध्यें शेजारी राष्ट्रांनीं कतारची नाकेबंदी केली, तेव्हां तेथील हेलियमचे कारखाने कांहीं काळ बंद पडले.