पदार्थ कोण निवडणार? फ्रेंच भोजनगृहाची अडीचशे वर्षं

तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं जेवणावर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. पण आजचा विषय पाककृतींचा नाही. निवड कोणी करायची आणि कोणी कोणावर विश्वास टाकायचा, हा आहे. आणि हा प्रश्न ताटात जितका स्पष्ट दिसतो तितका तो ग्रंथात दिसत नाही.

आता बघा. आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशात आहेत. सुट्टीत आपण जातो आणि मुलं मोठ्या हौसेनं एखाद्या नामांकित रेस्टॉरंटमध्ये घेऊन जातात. टेबल महिनोन्‌महिने आधी राखलेलं असतं, पुष्कळदा पैसेही आधी भरलेले असतात. तिथं गेल्यावर पदार्थांची यादी समोर येतच नाही. दहा-बारा, कधी वीस छोट्या ताटल्या एकामागून एक येतात. त्यांचा क्रम आचाऱ्यानं ठरवलेला असतो. तीन तास आपण बसायचं आणि येईल ते खायचं. याला टेस्टिंग मेनू म्हणतात.

गंमत अशी, की रेस्टॉरंट नावाची संस्था जन्माला आली ती नेमक्या उलट कारणासाठी. गिऱ्हाइकाला निवडता यावं म्हणून. मग त्याच गिऱ्हाइकानं दोनशे वर्षांनी अधिक पैसे मोजून ती निवड परत का करून टाकली? आज आपल्याला हेच शोधायचं आहे.

त्यासाठी पॅरिसला जावं लागेल. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं बाहेर जेवायचं म्हणजे खाणावळ. ठरलेली वेळ, एकच लांब टेबल, अनोळखी माणसं, आणि मालक मांडेल ते जेवण. जो जवळ बसला आणि ज्याचा हात चपळ, त्याला चांगला तुकडा. शिजवलेले पदार्थ विकायचे हक्क वेगवेगळ्या व्यवसायसंघांकडे वाटलेले होते.

‘रेस्टोराँ’ हा शब्द तेव्हा जागेचं नाव नव्हता. तो एका काढ्यासारख्या मांसरसाचं नाव होता. अशक्त माणसाला पुन्हा उभं करतो, तो रेस्टोराँ. १७६० च्या दशकात हा रस विकणारी दुकानं निघाली. माथ्युरँ रोझ द शांत्वाझो या माणसाचं नाव या संदर्भात १७६६ सालाशी जोडलं जातं. प्रकृतीसाठी येणारा माणूस ठरलेल्या वेळी कसा येणार? म्हणून वेळेचं बंधन गेलं. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, म्हणून वेगळं टेबल आलं, वेगळा पदार्थ आला, आणि किमतीसह यादी आली. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे रेस्टॉरंट जन्मलं अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. ते क्रांतीच्या वीसेक वर्षं आधीचं. पण क्रांतीनंतर ते फोफावलं हे मात्र खरं. सरदारांच्या मुदपाकखान्यातले आचारी रस्त्यावर आले, आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत तो कोणीही घटकाभर सरदार होऊ लागला. म्हणजे ती यादी, तो साधा कागद, ही एका अर्थानं नागरिकाची सनद होती.

पण निवड आली की एक नवी अडचण येते. निवडायचं कशाच्या आधारावर? जन्मानं सरदार असलेल्याला चव शिकवावी लागत नव्हती, निदान तसा त्याचा समज होता. नव्या पैसेवाल्याला मात्र वाटाड्या हवा होता. तो पुरवला ग्रिमो द ला रेनिएर या गृहस्थानं. १८०३ पासून त्यानं खवय्यांसाठी एक वार्षिक काढलं. त्याच्या घरी एक परीक्षक मंडळ बसे. दुकानदार आपापले पदार्थ पाठवत, मंडळ चव घेई, आणि निकाल छापला जाई. पाश्चात्त्य जगात खाण्याच्या समीक्षेचा आरंभ इथून धरतात. लक्षात घ्या, नागरिकाला निवडीचा हक्क मिळून पन्नास वर्षं व्हायच्या आतच त्याच्यासाठी निवड करणारा न्यायाधीश हजर झाला.

दुसरा बदल वाढण्याच्या पद्धतीत झाला. जुन्या फ्रेंच पद्धतीत मेजवानीच्या प्रत्येक फेरीला सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. देखावा भव्य, पण अन्न गार. एकोणिसाव्या शतकात तिची जागा रशियन पद्धतीनं घेतली. पदार्थ एकामागून एक, गरम, प्रत्येकाला वेगळा वाढलेला. पॅरिसमधले रशियन राजदूत कुराकिन यांच्याकडे या पद्धतीचं श्रेय देण्याची प्रथा आहे. शतकाच्या उत्तरार्धात उर्बाँ द्युब्वा या आचाऱ्यानं ती रुजवली. म्हणजे जेवण आता जागेत मांडलं जाईना, ते काळात उलगडू लागलं. त्याला आरंभ, मध्य आणि शेवट आला. आणि जिथं क्रम आला तिथं क्रम लावणारा आला. टेस्टिंग मेनूचं बीज इथं आहे.

तिसरी गोष्ट टायरची. होय, टायरची. क्लेरमाँ-फेराँचे मिशलँ बंधू टायर बनवत. १९०० साली फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारांहूनही कमी होत्या. लोक फिरले तर टायर झिजणार, टायर झिजले तर विकले जाणार. म्हणून त्यांनी एक पुस्तिका काढली आणि ३५,००० प्रती फुकट वाटल्या. त्यात नकाशे, टायर कसा बदलायचा, दुरुस्ती कुठे होते, मुक्काम कुठे करायचा, अशी माहिती होती. पुढे १९२० पासून ती विकत मिळू लागली, १९२६ साली चांगल्या जेवणाला एक तारा देणं सुरू झालं, आणि १९३१ साली दोन व तीन तारे आले. त्यांचे अर्थ बघा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं जेवण. तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठीच प्रवास करावा असं जेवण. ही चवीची भाषा नाहीच, ही रस्त्याची भाषा आहे. गुणवत्ता मोजली ती किलोमीटरमध्ये.

त्यामुळे खाण्याचं केंद्र राजधानीतून रस्त्याकडेला सरकलं. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणाऱ्या सातव्या राष्ट्रीय रस्त्यावर ल्याँच्या खाली व्हिएन नावाचं गाव आहे. तिथं फेर्नाँ प्वाँ यांचं ‘ला पिरामिद’ होतं. ल्याँमध्ये युजेनी ब्राझिये ही शेतकरी घरातली, लहानपणी गुरं राखलेली बाई होती. १९३३ साली तिच्या दोन जागांना तीन-तीन, असे सहा तारे मिळाले. आणि १९३६ च्या जून महिन्यात लेऑं ब्लूम यांच्या सरकारनं फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. सुट्टी हा हक्क झाला. अर्थात तो कामगार सायकलवर तंबू बांधून निघाला, तो काही ‘ला पिरामिद’मध्ये शिरला नाही. एकाच रस्त्यावरून दोन सुट्ट्या चालल्या होत्या, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता मुख्य वळण. प्रवासी हा परका असतो. गावचा बाजार, हंगाम, मासळी यातलं त्याला काही ठाऊक नसतं. तो पुन्हा येईल याचीही खात्री नसते. अशा माणसाला यादी दिली तर ती हक्कापेक्षा ओझंच होते. तो म्हणतो, तुमचं जे उत्तम ते द्या. निवड सोडून देण्याची मानसिक तयारी प्रवासानं करून ठेवली होती, ती अशी.

आचाऱ्याच्या बाजूची तयारी १९६० आणि ७० च्या दशकांत झाली. प्वाँ यांच्या हाताखाली शिकलेले पॉल बोक्यूज, रोआनचे त्र्वाग्रो बंधू ही मंडळी पुढे आली. १९७३ साली गो आणि मियो या समीक्षकांनी या ‘नव्या पाककले’ची दहा सूत्रं मांडली. जड सॉस नको, पदार्थ ताजा हवा, यादी आखूड हवी. ताटली आता स्वयंपाकघरातच सजू लागली. त्यापूर्वी मांस कापणं, वाढणं ही वाढप्याची कला होती. ती गेली, आणि सगळी सत्ता आचाऱ्याकडे आली.

याच काळात हे आचारी जपानला गेले. ओसाकात शिझुओ त्सुजी यांनी १९६० साली पाकशाळा काढली होती, आणि त्यांचा बोक्यूज यांच्याशी स्नेह होता. तिथं फ्रेंचांनी कैसेकी पाहिलं. हंगामाप्रमाणे बेतलेले छोटे छोटे पदार्थ, ठरलेला क्रम, निवड यजमानाची. कैसेकीचं एक मूळ सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू यांच्या चहाविधीत आहे. कडक चहा रिकाम्या पोटी बाधू नये एवढ्यापुरतं साधं जेवण. संयमाची रीत होती ती. चैनीच्या जगात येताना तिचा क्रम आला, संयम किती आला हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शेवटची पायरी स्पेनमध्ये. कॅटालोनियातल्या ‘एल बुल्ली’त फेरान आद्रिया यांनी २००२ साली यादी बंदच केली. निवड संपली. जेवण ही रचना झाली आणि आचारी लेखक झाला. आपण कादंबरीकाराला सांगत नाही, की तिसरं प्रकरण नको, दुसरं काही आणा. तसंच हे.

इथं आमच्या मनात दोन शंका येतात. पहिली कान्टची. १७९० च्या ग्रंथात कान्टनं जिभेला सुखावणारं आणि सुंदर यांत भेद केला. जिभेची चव ज्याची त्याची, सुंदराबद्दल मात्र आपण इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो. टेस्टिंग मेनूचा सगळा दावा हा, की आम्ही जिभेकडून सुंदराकडे निघालो आहोत. दावा विचार करण्याजोगा आहे. पण हाच कान्ट रोज दुपारी पाहुण्यांना घेऊन जेवायला बसे. पाहुणे तिघांपेक्षा कमी नकोत आणि नवांपेक्षा जास्त नकोत, असा त्याचा दंडक. जेवण हे संभाषणासाठी, एकट्यानं जेवणं तत्त्वचिंतकाला अपायकारक, असं त्याचं मत होतं. फ्रान्समध्ये आम्ही दोघं एकदा अशा जेवणाला बसलो. जेवण उत्तम होतं. पण दर ताटलीबरोबर कोणी येऊन तिचं निरूपण करी, आणि आमचं बोलणं थांबे. अकरा वेळा थांबलं. कलाकृतीपुढे गप्प बसायचं असतं. पंक्तीत बोलायचं असतं. दोन्ही एकाच टेबलावर कसं साधायचं?

पंक्तीतही निवड यजमानाचीच असते, हे तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण पंक्तीत आग्रह असतो. ‘आणखी एक जिलबी’ असतं, पानावर आडवा धरलेला हात असतो, आणि मठ्ठा पुन्हा मागता येतो. म्हणजे यजमानाच्या सत्तेला पाहुण्याचं उत्तर असतं. टेस्टिंग मेनूत आवडलेली ताटली पुन्हा मागता येत नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर. या परिपूर्णतेची किंमत कोण देतं? १६७१ साली शांतिई इथं चौदाव्या लुईच्या मेजवानीला मासळी वेळेवर पोचेना, म्हणून कारभारी व्हातेल यांनी जीव दिला. मासळी नंतर आली. २००३ साली सोल्यू गावचे बेर्नार ल्वाझो यांनी जीवन संपवलं. एका मार्गदर्शकानं त्यांचे गुण उतरवले होते, तिसरा तारा जाणार अशी कुजबुज होती. तारा गेलेला नव्हता. माणूस का जातो याचं एकच कारण सांगू नये, आणि आम्ही सांगत नाही. पण राजा गेला, न्यायाधीश आला, आणि स्वयंपाकघरातलं भय राहिलं, एवढं तरी दिसतंच. कोपनहेगनच्या ‘नोमा’नं २०२२ साली उमेदवारांना वेतन द्यायला सुरुवात केली. २०२३ च्या जानेवारीत नेहमीचं रेस्टॉरंट बंद करण्याचा बेत जाहीर झाला, आणि हा व्यवसाय असा टिकणारा नाही, असं तिथले आचारी रेने रेड्झेपी स्वतःच म्हणाले. जगातल्या सर्वोत्तम म्हणवलेल्या जागेचा हिशेब विनावेतन हातांशिवाय अवघड होता.

तेव्हा मंडळी, अशा ठिकाणी जाऊ नका असं आम्ही सांगणार नाही. मुलांनी हौसेनं नेलं तर जरूर जा. निवड दुसऱ्यावर सोपवणं यात गुलामी नाही. वैद्यावर, गवयावर, गुरूवर आपण ती सोपवतोच. पण सोपवलेली निवड ही विश्वासाची ठेव असते, आणि ठेवीबद्दल विचारायचा हक्क ठेवीदाराला राहतो. पदार्थांची यादी मागू नका. आत किती माणसं राबतात, त्यांना काय मिळतं, ती कधी जेवतात, एवढं विचारा. ज्याला त्याचं उत्तर मोकळेपणानं देता येतं, त्याच्या हाती आपलं ताट निर्धास्त द्यावं.

इथं थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.