आपल्याच माणसांना ‘नाही’ म्हणणाऱ्या रमाबाई

मोह म्हटलं की आपल्याला पैसा आणि दारू आठवते. पण ज्यांच्या आधारावर आपण उभे आहोत, त्यांना खूश ठेवण्याचा मोहही काही कमी नसतो. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तो निदान तीनदा समोर आला.

पहिला प्रसंग इंग्लंडमधला. 1882 मध्ये पती वारले. पुढच्या वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बाई डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहिलं. वाँटेजच्या सिस्टर्सनी आसरा दिला, आणि तिथेच सप्टेंबर 1883 मध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. छप्पर त्यांचं, खर्चही त्यांचा. सांगतील ते मुकाट्याने मान्य केलं असतं तर सगळं सोपं होतं. पण बाईंनी त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारले, क्रुसावर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत का नको, असंही विचारलं. शाकाहार सोडला नाही. हट्टी, गर्विष्ठ असं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एका पुरोहितशाहीतून सुटले, आता दुसरीचं जोखड मानेवर घेणार नाही.

दुसरा प्रसंग पुण्यातला. अमेरिकेतल्या देणगीदारांच्या मदतीने 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवा मुलींवर धर्माची सक्ती नाही, हे ठरलेलं. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, पण दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तटस्थ संस्था म्हणून मुली पाठवणाऱ्यांचा राग समजण्यासारखा होता. हा वाद आजही एका वाक्यात मिटत नाही. पण एवढं खरं की बाईंनी आपली श्रद्धा लपवून प्रतिष्ठितांचा पाठिंबा टिकवला नाही. आणि याच सदनात शिकलेल्या गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. 1893 मध्येच त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो. 1897, पुण्यात प्लेग. सरकार इंग्रजांचं, म्हणजे बाईंच्याच धर्माच्या लोकांचं. दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी नुकत्याच आणलेल्या, केडगावला त्यांची सोय चाललेली. अशा वेळी सरकारशी वाकडं कोण घेईल? बाईंनी घेतलं. प्लेगच्या इस्पितळात बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असं त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रातच लिहिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ज्या पुण्याने त्यांना सरकारधार्जिणी, मिशनऱ्यांची हस्तक म्हटलं, त्याच पुण्याच्या बायकांसाठी त्या बोलल्या.

येशूच्या रानातल्या परीक्षेत सैतान आधी भाकर पुढे करतो आणि जगातली राज्यंही दाखवतो. बाईंसमोर आलेली भाकर आश्रयदात्यांची होती आणि राज्य स्वधर्मीयांचं होतं. म्हणूनच नाही म्हणणं जड होतं.

आज आपल्याकडे काय चित्र आहे? ट्रस्टचा हिशेब विचारायचा नाही, कारण अध्यक्ष आपला. उमेदवार कसाही असो, समाजाचा आहे ना, मग मत द्या. संस्थेत चुकीचं दिसलं तरी बाहेर बोलू नका, बदनामी होईल. हे फक्त ख्रिस्ती समाजात चालतं असं नाही, सगळीकडे चालतं. पण जे रविवारी प्रार्थनेत ‘आम्हाला परीक्षेत आणू नकोस’ म्हणतात, त्यांनी तरी सोमवारी कमिटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायला हवं.

रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन अजून उभं आहे. जमलं तर एकदा जाऊन या.