बारा वर्षांची वहिवाट

‘बारा वर्षे राहिलो की जागा आपली,’ असे गावात आणि मोहल्ल्यात सर्रास बोलले जाते. हे अर्धसत्य आहे आणि त्यावर विसंबून अनेक कुटुंबे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. म्हणून या नियमाचा इतिहास जाणून घेणे हिताचे ठरेल.

दाव्याला काळाची मर्यादा घालण्याची कल्पना केवळ इंग्रजांची नव्हे. उस्मानी तुर्कस्तानात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेनुसार १५ वर्षे गप्प बसलेल्याचा दावा काझी ऐकत नसे. मूळ वक्फ मिळकतीसाठी ही मुदत ३६ वर्षांची होती. मात्र काळ लोटल्याने हक्क बुडत नाही, हे तत्त्वही त्याच संहितेत होते.

मुंबई इलाख्यात १८२७ च्या कायद्याने मालक या नात्याने केलेल्या ३० वर्षांच्या अखंड वहिवाटीला मान्यता दिली. पुढे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खासगी जमिनीसाठी १२ वर्षांची मर्यादा घातली, आणि १८७१ च्या कायद्याने मुदत संपताच मूळ मालकाचा हक्कच संपुष्टात आणला.

याचा कठोर प्रत्यय लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या खटल्यात आला. १७२२ साली वक्फ झालेली ही वास्तू अठराव्या शतकातच शिखांच्या ताब्यात गेली होती. १९३५ साली ती पाडली गेली आणि दावा दाखल झाला. १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, वक्फ खरा असला तरी विरुद्ध कब्जामुळे हक्क केव्हाच गेला होता. हा निकाल दोन धर्मांमधील न्यायनिवाडा नव्हता. तो मुदतीचा हिशेब होता.

आज १९६३ चा कायदा लागू आहे. खासगी जमिनीस मुदत १२ वर्षे, सरकारी जमिनीस ३० वर्षे. मात्र कब्जा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा असला पाहिजे, आणि तो तसा होता हे कब्जेदारानेच सिद्ध करायचे असते. भाडेकरू किंवा मालकाच्या परवानगीने राहणारा नातलग केवळ वर्षे मोजून मालक होत नाही.

वक्फ मिळकतीच्या ताब्याच्या दाव्यांना १९९५ च्या कायद्याने मुदतीच्या बंधनातून मुक्त केले होते. २०२५ च्या दुरुस्तीने ही सूट काढून घेतली. त्यामुळे मशीद, कबरस्तान, मदरसा यांच्या विश्वस्तांवरील जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

पालकांनी आपला सात-बारा, फेरफार, वक्फनामा आणि कराच्या पावत्या वर्षातून एकदा तरी पाहाव्यात. मोडी किंवा उर्दू दस्त जाणकाराकडून वाचून घ्यावेत. अतिक्रमण दिसताच लेखी हरकत घ्यावी. पण केवळ नोटिशीने मुदत थांबत नाही, वेळेत दावा करावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी तरी कायद्याच्या शिक्षणाकडे वळावे. वाडवडिलांनी ठेवलेली जमीन त्यांच्या पुण्याईने टिकत नाही. ती वारसांच्या जागरूकतेने टिकते.